पूर्ण अंतराच्या ट्रायथलॉनचा सराव : सोबतीने काय करावे आणि एकट्याने काय

कोथरूडला राहणाऱ्या आणि हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका ४१ वर्षांच्या खेळाडूने मला एक प्रश्न विचारला आहे. गेल्या वर्षी गोव्यातील अर्ध्या अंतराची ट्रायथलॉन (पोहणे, सायकल आणि धावणे सलग करण्याची स्पर्धा) पूर्ण केल्यानंतर त्यांनी येत्या डिसेंबरमध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील बसेल्टन येथे होणाऱ्या पूर्ण अंतराच्या स्पर्धेसाठी नाव नोंदवले आहे. ते गेले तीन महिने चार सोबत्यांबरोबर सराव करीत आहेत. त्या चौघांपैकी दोघे त्यांच्यापेक्षा बरेच वेगवान आहेत, एक बरोबरीचा आहे आणि एक त्यांच्याहून संथ आहे. बुधवारी सायकलवरून सिंहगडाची चढाई, शनिवारी टेकडीवरून सुरू होणारी लांब धाव आणि रविवारी लोणावळ्यापर्यंत जाऊन परत, असा क्रम ठरलेला आहे. आता त्यांचा डावा गुडघा बाहेरच्या बाजूने दुखू लागला आहे, पहाटे उठल्यावर मोजलेली नाडी पूर्वीपेक्षा वाढली आहे आणि एवढे कष्ट करूनही वेग कमीच होत चालला आहे. गट सोडून एकट्याने सराव करावा का, असे त्यांनी विचारले आहे.

गट सोडू नका, हे माझे उत्तर आहे. परंतु गटाकडून तुम्ही जे घेत आहात ते बदला. गेली बारा वर्षे मी लांब अंतराच्या ट्रायथलॉन करीत आहे आणि त्यांपैकी आठ वर्षे पुण्यातील नोकरदार मंडळींच्या लहान गटांना शिकवीत आहे. या काळात अर्ध्यावर सोडून गेलेल्या खेळाडूंपैकी बहुतेकांना सराव कमी पडला नव्हता. त्यांनी दुसऱ्याच्या वेगाने सराव केला होता. सोबत्यांकडून वेळ, जागा, सुरक्षितता आणि शिस्त घ्यावी. वेग मात्र आपल्या शरीराला विचारून ठरवावा.

पूर्ण अंतराची ही स्पर्धाच मुळी सोबत्यांच्या वादातून जन्माला आली. पोहणारे, सायकल चालवणारे आणि धावणारे यांपैकी अधिक तंदुरुस्त कोण, या चर्चेतून अमेरिकी नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांनी हवाईतील ओआहू बेटावरील तीन वेगवेगळ्या स्पर्धांची अंतरे एकत्र जोडली, आणि १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण स्पर्धेला उभे राहिले. त्यांपैकी १२ जणांनी ती पूर्ण केली. गॉर्डन हॉलर ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला. धावण्याच्या टप्प्याच्या सुरुवातीला त्याच्या पुढे असलेल्या जॉन डनबारच्या मदतनीसांकडचे पाणी संपले आणि त्यांनी त्याला बिअर दिली, ही हकिकत या खेळात आजही सांगितली जाते. सोबती कितीही जिवलग असले तरी आपल्या शरीराला कोणत्या क्षणी काय लागणार याचा हिशेब आपणच आधी करून ठेवावा लागतो, म्हणून मी ती नव्या खेळाडूंना नेहमी सांगते.

आता तुमच्या आठवड्याकडे पाहू. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे, आणि हे सारे करण्यास सर्वसाधारणपणे १७ तासांची मुदत, असे या स्पर्धेचे स्वरूप आहे. माणसाच्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम कर्बोदके साठवलेली असतात. जोराच्या श्रमात हा साठा दीड-दोन तासांत तळाला जातो. त्यामुळे इतक्या लांब अंतरासाठी शरीराला चरबी जाळत राहण्याची सवय लावावी लागते, स्नायूंमधील केशवाहिन्यांचे जाळे दाट करावे लागते, आणि हे काम मुख्यतः सावकाश, लांब, कंटाळवाण्या वाटणाऱ्या सरावातून होते. नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी जागतिक दर्जाच्या खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी अभ्यासल्या, तेव्हा त्यांची सुमारे ८० टक्के सत्रे कमी तीव्रतेची असल्याचे दिसून आले. तुमच्या आठवड्यात सिंहगड जोराचा आहे, शनिवारची धाव तुमच्या वेगवान सोबत्यांसाठी सोपी आणि तुमच्यासाठी मध्यम-जड आहे, आणि रविवारी परतीच्या वाटेवर देहूरोडच्या अलीकडे सगळेच एकमेकांशी स्पर्धा करतात, असे तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे सोपे असे तुमच्याकडे काहीच उरलेले नाही. पहाटेची वाढलेली नाडी हेच सांगते आहे.

सोपा वेग ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे : शेजारी धावणाऱ्याला घरची एखादी गोष्ट पूर्ण वाक्यांत, मध्येच धाप न लागता सांगता आली पाहिजे. घड्याळावर नाडी पाहायची असेल तर १८० मधून वय वजा करून येणारा आकडा, म्हणजे तुमच्या बाबतीत १३९, ही सुरुवातीला कामापुरती वरची मर्यादा समजा आणि नंतर अनुभवाने ती थोडी वर-खाली करा. पहिले पाच-सहा आठवडे या मर्यादेत राहण्यासाठी तुम्हाला टेकडीच्या चढावर चक्क चालावे लागेल. तेव्हा सोबती पुढे निघून जातील आणि मनाला ते लागेल. माझ्या दुसऱ्या वर्षी मला ते इतके लागले होते, की लागोपाठ चार आठवडे मी गटातील सर्वांत वेगवान मैत्रिणीच्या मागोमाग धावत राहिले आणि नडगीच्या हाडाला सूक्ष्म तडा जाऊन दहा आठवडे घरी बसले. ते दहा आठवडे मला आजही विसरता येत नाहीत, आणि म्हणूनच मी या मुद्द्यावर इतक्या आग्रहाने बोलते.

वेगळ्या वेगाच्या माणसांना एकत्र ठेवण्याचे उपाय आहेत. त्यांपैकी आमच्या गटात सर्वांत उपयोगी पडलेला उपाय म्हणजे अंतराऐवजी वेळेने धावणे. सगळ्यांनी पहाटे पाच वाजता एका ठिकाणाहून निघायचे, प्रत्येकाने आपापल्या सोप्या वेगाने धावायचे आणि घड्याळात बरोबर साठ मिनिटे झाली की जिथे असू तिथून मागे फिरायचे. ज्याने वेग शेवटपर्यंत सारखा राखला तो सात वाजता परत पोहोचतो, मग तो १६ किलोमीटर धावलेला असो की २१. ज्याने सुरुवातीला घाई केली तो उशिरा येतो आणि त्याची चूक कोणी न बोलताही त्याला कळते. खडकवासल्याच्या रस्त्यावर हे सहज जमते, कारण वाट सरळ आहे, परतताना वेगवान मंडळी सर्वांच्या मागून येत असतात आणि कोणी मागे एकटा पडला तर लगेच लक्षात येते. अंधारात धावणाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे. आमच्या गटातील तीन जणींना सोबत नसती तर हा सरावच करता आला नसता.

सायकलच्या बाबतीत प्रश्न अधिक खोल आहे, कारण तिथे गट तुम्हाला केवळ दमवत नाही, तर तुमच्याविषयी चुकीची माहितीही देतो. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यात खर्च होते. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. पुढच्याच्या चाकामागे चिकटून राहिल्यास यातील मोठा वाटा वाचतो, आणि म्हणूनच तुम्ही रविवारी गटात ताशी ३० किलोमीटर वेग राखता, पण एकटे असताना तोच जोर लावून २६ वर येता. या दोन आकड्यांतील फरक १८० किलोमीटरांवर पसरला, तर एकात ६ तास होतात आणि दुसऱ्यात ६ तास ५५ मिनिटे. स्पर्धेत दुसऱ्याच्या मागे लपण्यास बंदी आहे. एका सायकलच्या पुढच्या चाकापासून दुसरीच्या पुढच्या चाकापर्यंत १२ मीटर अंतर ठेवावे लागते, पुढे जायचे असेल तर २५ सेकंदांत ओलांडावे लागते, आणि नियम मोडल्यास पाच मिनिटे शिक्षेच्या तंबूत थांबावे लागते. गटातील वेग खरा मानून जो आराखडा करतो, तो बसेल्टनला पहिल्याच ६० किलोमीटरांत आपले पाय जाळून बसतो.

त्यात बसेल्टनचा मार्ग सपाट आहे. पुण्याच्या आपल्या मंडळींना घाटांचा अभिमान असतो आणि तो रास्तही आहे, पण सपाट मार्गाची परीक्षा वेगळी असते. घाटात उतार आला की पाय थांबतात, पाठ सरळ होते, हात सैल पडतात. सपाट रस्त्यावर सहा-सात तास पेडल थांबत नाही आणि वाकलेली बसण्याची ठेवण बदलत नाही. तुमचा सिंहगडाचा आठ-नऊ किलोमीटरचा चढ ताकदीसाठी उत्तम आहे. तो महिन्यातून दोनदा ठेवा, दर आठवड्याला नको. त्याऐवजी दर दुसऱ्या रविवारी गटाला सोलापूर रस्त्यावर यवतच्या पुढे घेऊन जा. पहाटे लवकर निघा, पहिले दहा किलोमीटर आणि वस्तीचा भाग एकत्र पार करा, आणि रस्ता मोकळा झाला की प्रत्येकाने १२ मीटरहून अधिक अंतर सोडून, आपापल्या जोराने, हँडलवर वाकून दोन तास न थांबता चालवा. ठरलेल्या ढाब्यावर सगळे जमले की पाणी भरून परत निघा. पंक्चर झाले, चक्कर आली, तर मागून येणारा सोबती पोहोचतोच. सायकली एकमेकींना चिकटलेल्या नसताना पुढच्याने टाळलेला खड्डा मागच्याला वेळेत दिसतो, हाही एक फायदा. चाकाला चाक लावून जाताना पुढच्याने खड्ड्याची खूण केली नाही म्हणून आमच्यातील एकाचे गळपट्टीचे हाड मोडले होते. तेव्हापासून हाताने खूण करणे, ‘खड्डा’, ‘गतिरोधक’, ‘मागून गाडी’ असे मोठ्याने ओरडणे आणि दिवसाउजेडीही मागचा लाल दिवा चालू ठेवणे हे नियम न पाळणाऱ्याला मी गटात घेत नाही.

जून ते सप्टेंबर हा काळ तुमच्या तयारीच्या मध्यावरच येतो. पावसात घाटातील शेवाळ आणि शहराबाहेरचे पाण्याने भरलेले खड्डे यांच्याशी झुंजण्यात शौर्य नाही. घरात ट्रेनरवर (सायकल एका जागी धरून ठेवणाऱ्या स्टँडवर) सायकल लावून केलेला दीड तासाचा सराव हा रस्त्यावरच्या दोन तासांच्या तोडीचा असतो, कारण त्यात सिग्नल नाहीत आणि उतार नाहीत. चौघापाचांनी एखाद्या सोसायटीच्या सभागृहात ट्रेनर आणून लावले तर इथे गटाचा खरा लाभ मिळतो : प्रत्येकाचा जोर वेगळा, पण कोणी मागे पडत नाही आणि कोणी पुढे पळत नाही. आठवड्यातील एक जोराचे सत्र, उदाहरणार्थ आठ-आठ मिनिटांचे चार जोरकस तुकडे, असेच एकत्र करावे. लगेच बूट बदलून वीस मिनिटे सावकाश धावावे, म्हणजे सायकलनंतर पाय लाकडासारखे होतात त्याची सवय होते.

पोहण्याविषयी आपल्याकडे सर्वाधिक भीती असते आणि सर्वांत कमी नियोजन असते. पोहण्याला साधारण २ तास २० मिनिटांची मुदत असते, म्हणजे शंभर मीटरला ३ मिनिटे ४१ सेकंदांपर्यंतचा वेग चालतो. जो सलग पोहू शकतो त्याला ही मर्यादा फारशी कठीण नाही. आधी स्वतःचा वेग मोजा : एकदा ४०० मीटर आणि थोड्या विश्रांतीनंतर २०० मीटर पूर्ण जोराने पोहा, दोन्ही वेळांतील फरक निम्मा करा, की शंभर मीटरला तुमचा टिकाऊ वेग किती ते कळते. ४०० ला ९ मिनिटे आणि २०० ला ४ मिनिटे २० सेकंद लागले असतील, तर फरक ४ मिनिटे ४० सेकंदांचा आणि वेग शंभर मीटरला २ मिनिटे २० सेकंद. तलावात एकाच पट्ट्यात त्याच वेगाच्या दोघातिघांनी दहा-दहा सेकंदांच्या अंतराने निघावे. संथ सोबत्याला वेगळा पट्टा द्यावा, त्यात कोणाचा अपमान नाही. सायकलवर जे निषिद्ध आहे ते पाण्यात मात्र चालते. पुढच्याच्या पायांमागे राहून पोहल्यास श्रम चांगलेच वाचतात, आणि ही कला गटाशिवाय शिकताच येत नाही. चौघांनी एका रांगेत पोहावे, दर शंभर मीटरनंतर पुढच्याने शेवटी जावे, मागच्याने पुढच्याच्या पायांना सतत स्पर्श न करता बुडबुड्यांवरून दिशा धरावी. कधी मुद्दाम खांद्याला खांदा घासत पोहावे, कारण स्पर्धेच्या सुरुवातीला शेकडो हातपाय भोवती असतात आणि तलावातला शांतपणा तिथे नसतो.

खडकवासला किंवा पानशेतच्या धरणात एकट्याने किंवा परवानगीशिवाय उतरू नका. गाळ, अचानक वाढणारी खोली आणि थंड थर यांमुळे चांगले पोहणारेही तिथे गमावले गेले आहेत, आणि खडकवासला हा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा साठाही आहे. मोकळ्या पाण्याचा सराव समुद्रावर, स्थानिक जाणकार, होडी आणि रंगीत तरंगता फुगा सोबत घेऊन करावा. ऑक्टोबरनंतर समुद्र शांत झाला की मालवणला दोन दिवस गटाने जाऊन या. बसेल्टनला लाकडी धक्क्याच्या कडेने, म्हणजे सुमारे १८४१ मीटर लांब जेटीला वळसा घालून पोहायचे असते. त्यामुळे दर आठ-दहा हातांनंतर मान उचलून समोरची खूण पाहण्याची सवय मालवणातच लावून घ्या. बसेल्टनचे पाणी आपल्या किनाऱ्यापेक्षा बरेच थंड असते आणि वेटसूट (अंग उबदार ठेवणारा रबरी पोशाख) घालण्याची मुभा बहुधा मिळते. तो विकत घेऊन थेट स्पर्धेत घालू नका. पुण्याच्या उबदार तलावात मात्र तो दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ अंगावर ठेवू नका, अंग तापते.

खाण्यापिण्यात सोबत्याचे अनुकरण सर्वांत घातक ठरते. एका तासाच्या धावण्याआधी आणि नंतर वजन करा. वजन ७० किलोवरून ६८.९ झाले आणि मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायलात, तर तुमचा घाम १.६ लिटर गेला. त्याच सकाळी शेजारच्याचा ०.७ लिटर गेलेला असू शकतो. त्याचे वेळापत्रक तुम्ही पाळलेत तर तुम्ही कोरडे पडाल. तुमचे त्याने पाळले तर त्याच्या रक्तातील सोडियम धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. खाण्यासाठी तासाला ६० ग्रॅम कर्बोदकांपासून सुरुवात करून हळूहळू ८०-९० पर्यंत जा. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम आणि १५० ग्रॅमच्या उकडलेल्या, मीठ लावलेल्या बटाट्यात जवळपास तेवढीच असतात. ओआरएस हे शक्तिवर्धक आहे असा समज अनेकांचा असतो, तो दूर करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे केवळ त्यावर तासाला ६० ग्रॅम गाठायचे तर सुमारे साडेचार लिटर प्यावे लागेल. शेंगदाण्याची चिक्की चवीला छान, पण त्यातील स्निग्धांश पोटात रेंगाळतो. त्यापेक्षा खजूर बरा. जे स्पर्धेत खायचे तेच रविवारी, त्याच वेळेला खाऊन पाहा. पोटालाही सराव लागतो.

ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा अर्धा तास पुरे : एका पायावर उठाबशा, पोटऱ्या उचलणे, कमरेच्या बाजूच्या स्नायूंचे व्यायाम.

गुडघ्याबद्दल अंदाजाने निदान करणे योग्य नाही. या आठवड्यातच खेळाडूंवर उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला दाखवा आणि जाताना सायकल सोबत न्या, कारण सीटची उंची आणि बुटाच्या क्लीटचा, म्हणजे बूट पेडलला अडकवणाऱ्या तुकड्याचा, कोन हीसुद्धा कारणे असू शकतात. तोपर्यंत तळजाई किंवा वेताळ टेकडीवरून उतरताना धावू नका. उतारावर गुडघ्यावर येणारा भार चढावरच्या भारापेक्षा वेगळा आणि अधिक त्रासदायक असतो. दोन आठवडे पोहणे वाढवा, सपाट रस्त्यावर हलकी सायकल चालवा, आणि पहाटेची नाडी पूर्वीच्या आकड्यावर येईपर्यंत जोराचे एकही सत्र करू नका.

सोबत्यांना हे सारे मोकळेपणाने सांगा. ‘मला झेपत नाही’ असे म्हणण्याची गरज नाही. ‘माझी स्पर्धा सपाट आणि लांब आहे, म्हणून पुढचे सहा आठवडे मी १३९ च्या वर जाणार नाही, पण पाच वाजता निघायला मी असेन’ असे म्हणा. आमच्या गटात हे वाक्य पहिल्यांदा एका बँकेत काम करणाऱ्या मावशींनी उच्चारले होते. महिन्याभरात आणखी दोघे त्यांच्या बरोबर मागे राहू लागले, कारण त्यांनाही तेच हवे होते आणि बोलायला संकोच वाटत होता. तुमच्या संथ सोबत्याकडेही या निमित्ताने पाहा. तुमच्या सोप्या दिवसाचा तो उत्तम जोडीदार आहे, आणि तुमच्यामुळे त्याचाही एकटेपणा जाईल.

आतापासून दर सहा आठवड्यांनी एक चाचणी करा. रेसकोर्सभोवती किंवा अन्य कोणत्याही सपाट मार्गावर, त्याच वेळेला, नाडी १३९ वर स्थिर ठेवून आठ किलोमीटर धावा आणि लागलेला वेळ वहीत लिहा. सोबत्यांनीही त्याच दिवशी आपापल्या नाडीवर धावावे, आणि प्रत्येकाने आपल्या मागच्या आकड्याशीच तुलना करावी. पहिल्या वेळचा आकडा निराश करणारा असेल. तो खोडू नका, ऑक्टोबरात तुम्हाला तो लागणार आहे.